डबा रिकामा जात नाही

सुगंधा घाडीने माळ्यावरचा डबा काढला तो डिसेंबरच्या तेवीस तारखेला, भर दुपारी, सून कामावर गेलेली असताना. एकसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढायचं नाही, असं तिला घरात सगळे बजावत. पण बजावणाऱ्यांपैकी कोणी वरची वस्तू काढून देत नसे. तेव्हा ती चढली, डबा काढला, खाली उतरली आणि त्याच स्टुलावर बसून राहिली. हल्ली असंच व्हायचं. एक काम झालं की दुसऱ्याला उठणं जिवावर यायचं.

डबा पाच किलोचा, स्टीलचा, वर कडीचा. अंधेरीच्या औषधांच्या कंपनीने एका दिवाळीला कामगार बायकांना वाटला होता, त्यातला. सुगंधा आणि रेजिना दोघी पॅकिंगला. पट्ट्यावर शेजारी शेजारी बसून त्यांनी बत्तीस वर्षं गोळ्यांच्या स्ट्रिपा खोक्यात भरल्या, आणि तीन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात रिटायर झाल्या. दोघींना एकेक डबा मिळाला होता. एक सुगंधाच्या सासूने देवगडला पळवला. उरलेला मुळात कोणाचा, हे आता दोघींनाही सांगता आलं नसतं. दिवाळीला तो सुगंधाकडून चकल्या, करंज्या आणि बेसनाचे लाडू घेऊन मरोळला रेजिनाकडे जायचा. नाताळला रेजिनाकडून कुलकुल, नेवऱ्या आणि खजुराचे रोल घेऊन असल्फ्याला परत यायचा. नियम एकच, आणि तो कोणी बसून ठरवलेला नव्हता: डबा रिकामा जात नाही.

यंदा तो गेलाच नव्हता.

सीताराम, सुगंधाचा नवरा, ऑगस्टमध्ये गेला. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत माणूस नाहीसा झाला. म्हणजे घरात वर्षभर सण नाही. दिवाळीत कढई चढली नाही, कंदील लागला नाही. कोकणातल्या माणसांत अशा वेळची एक पद्धत आहे. ज्या घरात कढई चढत नाही, त्या घरी बाकीचे फराळ नेऊन देतात. सुगंधाकडेही नऊ पिशव्या आल्या. नळावरून जिच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं, ती खालच्या गल्लीतली वसुधासुद्धा शंकरपाळे ठेवून गेली. कमल आली. कमल पॅकिंगमधलीच, तिघींतली तिसरी. ती बौद्ध, तिच्या घरी दिवाळीचा पत्ता नाही, तिचा सण चौदा एप्रिलला. तरी ती दुकानातला चिवडा घेऊन टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढून आली आणि धापा टाकत म्हणाली, "तुमच्यात लागतं ना असं, म्हणून आणला. मला त्यातलं काय कळत नाय. खा."

रेजिना आली नाही.

सीताराम गेला त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली होती. दोन रात्री सुगंधाच्या उशाशी बसली होती. आणि दिवाळीत फोन केला तो गुडघ्याचं विचारायला, मुलाच्या, सुशांतच्या, नोकरीचं विचारायला. दिवाळीचा द नाही. मरोळ ते असल्फा मेट्रोची दोन स्टेशनं. पाऊल टाकायला काय झालं होतं? वर कमलच्या मोबाइलवर रेजिनाने पाठवलेला मेसेज होता, पणत्या लुकलुकणारा, 'हॅपी दिवाली'. जिच्या घरी दिवाळी नाही तिला मेसेज, आणि जिच्या घरचा माणूस गेला तिला नुसतं गुडघ्याचं विचारणं. सुगंधाने तो मेसेज पाहिला आणि मोबाइल परत दिला. पण तो तिच्या मनातून गेला नाही.

त्याला कारणही होतं. अकरा वर्षांपूर्वी रेजिनाची आई नोव्हेंबरात वारली, तेव्हा नाताळाला सुगंधा स्वतः गेली होती. रेजिनाच्या घरी काही तळलेलं नसणार हे ओळखून आदल्या दिवशी कंपनीतून आल्यावर बेसन भाजायला बसली होती, आणि पंचवीस तारखेला घरातला दुसरा मोठा डबा गळ्यापर्यंत भरून मरोळला घेऊन गेली होती. दार उघडल्यावर रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी सुगंधाने अकरा वर्षं जपलं. मी काय केलं आणि तिने काय केलं, हे मोजायला दुसरं माप तिच्याकडे नव्हतं.

आता मात्र मोजायचाही कंटाळा आला होता. चार महिने नुसते कागद चालले होते. बँकेत जा, मयताचा दाखला दाखव, पुन्हा जा, आता त्याची झेरॉक्स दाखव. येणाऱ्याला चहा दे, 'कसं झालं' ते पहिल्यापासून सांग. सांगून सांगून सीतारामचं मरण तिला दुसऱ्या कोणाचं तरी वाटायला लागलं होतं, आणि रडू तर कधीच आटलं होतं. त्यात ही मैत्री उरावर. नाताळ आला, आता जायला हवं, हसायला हवं, 'हॅपी क्रिसमस' म्हणायला हवं. कशासाठी? एक ओझं तरी कमी करावं, असं तिच्या मनाने घेतलं.

तिने कमलला फोन लावला.

"कमल, मी परवा येते मरोळला. डबा द्यायला."

"ये की. काय भरलंस?"

"काय नाय. रिकामा देणारे."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"रिकामा म्हणजे? तुमचा तो नियम—"

"नियम तिने मोडला. मी नुसता डबा पोचवते. तिचं तिला देऊन टाकलं की मोकळी झाले. माका आता काय नको, कमल. मी थकलंय." थकली की सुगंधाच्या बोलण्यात माहेरची मालवणी डोकवायची.

"अगं, मग मूठभर साखर तरी टाक त्यात. रिकामं भांडं बघून काय वाटेल तिला?"

"तेच वाटू दे."

फोन ठेवून ती उठली. डबा चिंचेने घासला, पुसला, उन्हात पालथा घातला. भांडण करायला निघालेली बाईसुद्धा भांडं कळकट पाठवत नाही. मग टीव्हीखालच्या फळीवरचा क्रोशाचा रुमाल काढला. सुशांतच्या बारशाला रेजिनाच्या आईने स्वतः विणून दिला होता, पांढऱ्या दोऱ्याचा, कडेला द्राक्षांचे घोस. तीस वर्षं तो या घरात होता. पहिल्यांदा पाळण्यावर, मग रेडिओवर, मग टीव्हीवर. नवा टीव्ही भिंतीवर टांगायचा आल्यावर सीतारामने खाली मुद्दाम एक फळी ठोकून घेतली, 'म्हातारीचा रुमाल कुठे घालशील' म्हणून. सुगंधाने तो धुतला, इस्त्री केली, चौकोनी घडी घालून डब्याच्या तळाशी ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. दिलेली वस्तू परत केली की बोलायचं काही उरत नाही.

संध्याकाळी सुनेने फळीकडे पाहिलं. "आई, रुमाल?"

"धुवायला काढलाय," सुगंधा म्हणाली. खोटं नव्हतं.

पंचवीस तारखेला ती बारा वाजता मरोळ नाक्याला उतरली. मेट्रोत सांताक्लॉजची टोपी घातलेला एक इसम झोपून डुलत होता. सुगंधाला त्याचा हेवा वाटला. उतरल्यावर गावठाणापर्यंत रिक्षा करावी असं मनात आलं, पण जवळचं भाडं कोण घेतो? चालत गेली. दोन्ही बाजूंनी टॉवर वर गेलेले आणि मधल्या खाचेत रेजिनाची गल्ली: तोंडाशी क्रूस, त्याला झेंडूच्या माळा, पुढे आठ-दहा कौलारू घरं. प्रत्येक दारावर कागदाची चांदणी लागलेली होती.

रेजिनाचा नवरा बस्त्याव ओट्यावर मांडलेल्या नाताळच्या गव्हाणीतलं गवत सारखं करत बसला होता. मातीची दोन मेंढरं एकमेकांवर पडली होती, त्यांना उभं करत होता. तेवढ्यात मागून कमल आली. पंचवीस डिसेंबरला सकाळी तिचा मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असतो, तो आटोपून ती दरवर्षी थेट इथे जेवायला यायची. साडीला निळा बिल्ला तसाच होता.

"हॅपी क्रिसमस, कमल!" बस्त्याव ओरडला.

"हॅपी क्रिसमस, जयभीम," कमल एका दमात म्हणाली.

मग बस्त्यावचं लक्ष सुगंधाकडे गेलं, आणि त्याचा आवाज एकदम उतरला. "ये गो. बस. सावलीत बस."

बस्स. हॅपी नाही, क्रिसमस नाही. सुगंधानेही तोंड उघडलं नाही. आपल्याला शुभेच्छेलाही धरत नाहीत, असं तिने मनात नोंदवलं आणि तिला बरंच वाटलं. भांडायला निघालेल्या माणसाला वाटेत आणखी एखादं कारण मिळालं की पाय हलके होतात.

रेजिना बाहेर आली. डोक्याला रुमाल, हाताला पीठ. तीही 'हॅपी क्रिसमस' म्हणाली नाही. सुगंधाच्या खांद्यावर कोपर टेकून, पीठ लागू नये म्हणून हात लांब धरून, तिने तिला जवळ घेतलं. "किती सुकलीस गो," एवढंच म्हणाली.

सुगंधाने डबा पुढे केला. "तुझा डबा."

रेजिनाने हात पदराला पुसले आणि कडीला धरून डबा घेतला. घेतल्यावर तशीच उभी राहिली, दोन श्वास असेल. कंपनीत ही बाई प्रसिद्ध होती. खोक्यात एक स्ट्रिप कमी असली तरी तिला हातावर कळायची. सुपरवायझर काट्यावर घालून बघायचा आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं. सुगंधाने रेजिनाच्या डोळ्यांत बघायचं ठरवलं होतं, पण तिला ते जमलं नाही. ती मेंढरांकडे बघत राहिली.

"ठेवते," रेजिना म्हणाली आणि आत गेली.

आत तिला बराच वेळ लागला. कढईचा आवाज थांबला होता. कमल सुगंधाच्या कानाशी लागली. "झालं समाधान?"

"गप."

समाधान झालं नव्हतं. सुगंधाला वाटलं होतं, डबा हातातून गेला की सुटल्यासारखं होईल. हात मोकळा झाला खरा, पण तो कुठे ठेवायचा तेच कळेना. ती घरभर बघत राहिली. खिडकीशी जे टेबल असायचं, त्यावर दर नाताळाला मोठं तबक असायचं, गोड पदार्थांनी भरलेलं. आज तिथे नुसती केळी होती. म्हणजे डब्यात भरून द्यायलाही यंदा काही केलेलं नाही, सुगंधाने हिशोब केला. ठीक आहे. फिटंफाट.

जेवायला बसले तेव्हा डबा स्वयंपाकघराच्या फळीवर दिसत होता, झाकण घट्ट लावलेला. उघडलेला नसावा. रेजिनाने दरवर्षीसारखी दोन पातेली केली होती, डुकराचं वेगळं आणि सुगंधासाठी कोंबडी वेगळी, डावसुद्धा वेगळा. आंबवलेल्या पिठाचे तळलेले गरम फुगे ताटात पडले. सगळ्यांना वाढून झाल्यावर रेजिना बसली आणि सहज सांगावं तसं म्हणाली,

"सुगंधा, रिकामा आणलास ते बरं केलंस हां."

कमलला ठसका लागला.

"खरंच बरं केलंस," रेजिना फुग्याचा तुकडा मोडत पुढे म्हणाली. "कमल, बघ, हिला ठाऊक हाय रीत. मयताचं घर. तिथून गोड यायचं नाय, तिथं गोड जायचं नाय, वर्स होईतो. आमचे घरान तरी हेच चालत आलंय. मना भीती व्हती, ही आपली हट्टी, नियम नियम करून दोन लाडू वळून घेऊन येईल, गुडघे धरून. तर नाय आणलं. मना बरं वाटलं."

सुगंधाच्या हातातला घास हातात राहिला. ती रेजिनाकडे बघत होती आणि रेजिना ताटाकडे.

विचारायचं ते कमलने विचारलं. तिला आडवळणाने बोलता येत नसे. "म्हणजे दिवाळीला तू हिच्याकडे गेली नाहीस, ते या रीतीपायी?"

"कशी जाणार? सणाच्या दिवसाला नुसते हात हलवत जाववेना. आणि भरून न्यायचं तर मयताच्या दारात गोड. आमच्यात ते वंगाळ. म्हातारी मानसं बोलतात, तुमच्या दुःखावर आमी तोंड गोड करतो असं होतं ते." रेजिनाने खिडकीकडे मान वळवली. "ह्या बघ, आजपन तबक आतल्या खोलीत नेऊन झाकलंय. हिच्यासमोर कुठं मांडू? आणि हॅपी तरी कोणत्या तोंडानं बोलू तिला? बस्त्यावला सकाळीच सांगून ठेवलं व्हतं, ओरडू नको म्हणून."

"आमच्यात उलटं," सुगंधा म्हणाली. आवाज तिचा तिलाच नीट ऐकू आला नाही. "आमच्यात अशा वेळी लोकांनी आणायचं असतं. आपल्याकडे तळत नाहीत ना. म्हणून."

"असं काय?" रेजिनाने वर पाहिलं. पण त्या पाहण्यात नवल नव्हतं.

"तिला ठाऊक हाय!" बस्त्याव मध्येच बोलला. सणाचे दोन ग्लास झाले होते, तिसरा हातात होता. "चांगलं ठाऊक हाय तुमचं उलटं. ते लाडू नाय काय आणलेस तू?"

"बस्त्याव, जेव," रेजिना म्हणाली.

"जेवतो ना. आय गेली त्या वर्सी, गो. आजचाच दिवस. सगळी काळी कापडं घालून बसलेली, मावशी कॅटरिना या खुर्चीवर. आणि ही बाय दारात, हा एवढा डबा, हा असा हसरा चेहरा! झाकण काढलं तर लाडू! मावशी खुर्चीतनं उठली. रेजिनाच्या कानात बोलली, हे घरात घेशील तर मी चालले."

"बस्त्याव."

"आणि रेजिनाने काय केलं? सगळ्यांसमोर एक लाडू उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. आख्खा! मावशी गेली ती वर्सभर या दारात आली नाय. ईस्टरलासुद्धा नाय." बस्त्याव हसत होता. अकरा वर्षांनी त्यातली फक्त गंमत त्याच्याकडे उरली होती.

सुगंधाला तो दिवस दिसला. खुर्चीतून उठून गेलेली एक म्हातारी तिला आठवत होती. बाथरूमला गेली असेल, असं तिला वाटलं होतं. रेजिनाच्या डोळ्यांतलं पाणी आठवत होतं. ते कशाचं होतं, हे ती आज समजत होती. आपल्या आईच्या दुखवट्यात हिने माझ्यासाठी तोंड गोड केलं, आपल्या माणसांशी वाईटपणा घेतला, आणि मी ते अकरा वर्षं माझ्या उपकाराच्या खात्यावर मांडून ठेवलं. सुगंधाला इतकी लाज वाटली की कान तापले.

"अन् तू हिला बोलली नाहीस कधी?" कमल रेजिनाला म्हणाली.

"काय बोलू? लाडू वाईट व्हते? चांगले व्हते."

कमल हसली. बस्त्याव हसला. सुगंधाला पाणी हवं होतं आणि पाणी समोर होतं, पण तिची नजर फळीवर गेली होती. डब्यात रुमाल होता. रिकाम्या डब्याला आता रेजिनाने रीत म्हटलं होतं, आणि ते बाहेरून झाकलं जात होतं. पण आतल्या रुमालाला काय म्हणणार? तो काही कुठल्या रीतीत बसत नव्हता. आज रात्री, उद्या, केव्हातरी रेजिना झाकण उघडेल आणि तिला आईने विणलेला रुमाल दिसेल, इस्त्री करून परत केलेला. तो उघडायच्या आत काढायला हवा.

त्यानंतरचे दोन तास सुगंधाने ताकाला जाऊन भांडं लपवण्यात घालवले. "पाणी घेते," म्हणून उठली. रेजिनाने तांब्या आणून दिला. "भांडी घासू लागते," म्हणाली. "गुडघे बघ तुझे," म्हणून रेजिनाने तिला खुर्चीत बसवलं. एकदा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. डबा हाताच्या अंतरावर होता. तेवढ्यात रेजिना मागे उभी. "काय पाहिजे?"

"काय नाय. मीठ."

"जेवून झालं की तुझं."

"हो," सुगंधा म्हणाली आणि परत येऊन बसली. अंग मोडून आलं होतं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीच्या घरात आपण चोरासारखं वावरतोय, हे तिला सहन होत नव्हतं. सरळ सांगून टाकावं असं दहादा ओठावर आलं. पण काय सांगणार? की तू पाळलेल्या रीतीला मी तुझा माज समजले, आणि तुला कायमचं सोडायला आले होते? बस्त्याव जुन्या कंपनीच्या युनियनच्या गोष्टी सांगत होता. ती हो ला हो करत राहिली.

साडेचारला कमल उठली. "चल सुगंधा, मेट्रोत उभं राहायचंय अजून, पायात तेवढा तरी जोर ठेव." रेजिना दारापर्यंत आली. बस्त्यावने मेंढरांवरून हात हलवला. डबा फळीवरच राहिला.

गल्लीच्या तोंडाशी, क्रूसापाशी, सुगंधा थांबली.

"काय झालं?" कमल म्हणाली.

"माझा रुमाल राहिला."

"कुठला रुमाल? हातात आहे की तुझ्या."

"हा नव्हे. तू थांब हितं. मी आले."

कमलने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती क्रूसाच्या ओट्यावर टेकली.

सुगंधा आल्या वाटेने परत निघाली. गुडघा ठणकत होता. सगळं सांगायचं, तिने ठरवलं. मग ती आपल्याशी बोलली तरी चालेल, नाही बोलली तरी चालेल. दारावर टकटक करायची वेळ आली नाही. रेजिना दारातच उभी होती, जाणाऱ्या सुगंधाकडे बघत राहिली असावी तशी, आणि तिच्या हातात क्रोशाचा रुमाल होता.

"हा चुकून राहिला व्हता डब्यात," रेजिना म्हणाली. "घेऊन जा. आयनं तुला दिलेला हाय."

सुगंधाने रुमाल घेतला. तिने चौकोनी घडी घातली होती. ही घडी लांबट होती, म्हातारी घालायची तशी. म्हणजे तो उघडला होता, पाहिला होता, पुन्हा घडी केली होती.

"कधी बघितलास?"

"आल्या आल्या. रिकामा डबा मना कळत नाय काय हातावर? त्यात कायतरी व्हतं."

म्हणजे जेवायला बसायच्या आधी. 'रिकामा आणलास ते बरं केलंस' म्हणायच्या आधी. कढईचा आवाज बंद पडला होता तेव्हा ही आत रुमाल हातात घेऊन उभी होती, आणि बाहेर येऊन तिने सगळ्यांसमोर सुगंधाला रीतीची जाणकार ठरवलं. लाडू गिळला होता तसंच तिने हेही गिळलं.

"रेजी, मी ना—"

"कमल थांबलीय तिकडं."

"मी तोडायला आले होते, रेजी."

"ठाऊक हाय." रेजिनाने चौकटीला हात लावला. ती आता थकलेली दिसत होती, पहाटेपासून चुलीशी असलेली बासष्ट वर्षांची बाई. "मना पन वाटलं व्हतं दिवाळीत, की जावं. तुमचं उलटं हाय ते मना ठाऊक व्हतं, बस्त्याव खोटं नाय बोलला. पन दुकानातनं मिठाई घेतली आणि मरोळ नाक्याच्या जिन्यावरनं परत फिरले. हात पुढं होईना. आयच्या वेळी तू आणलास तेव्हा मना जे वाटलं, ते तुला दिवाळीत वाटू नये, एवढंच डोक्यात. माझीपन चूक हाय. फोनवर बोलायला काय झालं व्हतं?"

सुगंधाने रुमाल तोंडाला लावला आणि ती रडली. सीतारामसाठी रडली, लाडवांसाठी रडली, बँकेच्या कागदांसाठीही रडली असेल. चार महिन्यांचं होतं ते. रेजिनाने तिला गप्प केलं नाही. गल्लीतून कोणी पोरं केकचं ताट घेऊन गेली, त्यांना तिने मानेनेच पुढे जा म्हटलं.

बऱ्याच वेळाने सुगंधाने नाक पुसलं, पण रुमालाला नाही, पदराला. रुमाल तिने छातीशी धरला होता.

"आणि डबा?"

"डबा राहू दे हितं. ऑगस्टात वर्स झालं की मीच घेऊन येते. भरून."

सुगंधा मान हलवून वळली. दोन पावलं गेली आणि पुन्हा थांबली. दुपारपासून एक राहिलं होतं, आणि ते तिने हट्टाने ठेवलं होतं.

"हॅपी क्रिसमस, रेजी."

"आता बोलतेस?" रेजिना म्हणाली. "बारा वाजल्यापासून वाट बघतेय मी."